पृथ्वीची बहीण लितावी

१८६८ साली कलकत्त्यात एक पुस्तक छापलं गेलं. विषय होता जुन्या आयरिश भाषेतले अवघड शब्द. मूळ शब्दकोश इसवी सन ९००च्या आसपासचा. आयर्लंडच्या मुन्स्टर प्रांतात कोर्मक नावाचा राजा होता, तो बिशपही होता, त्याच्या नावावर हा कोश चालत आलेला. जॉन ओ'डोनोव्हन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद करून ठेवला होता. त्याला टिपा आणि सूची जोडून तो प्रसिद्ध केला व्हिटली स्टोक्स यांनी. स्टोक्स मूळचे डब्लिनचे, पेशाने वकील. हिंदुस्थानात नोकरीला आले, पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा-सदस्य झाले. आपल्या घराच्या, जमिनीच्या खरेदीखतामागे आजही उभा असलेला १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्यांच्याच कारकिर्दीत मंजूर झाला. कायद्याचं एवढं काम सांभाळून हा माणूस जन्मभर आयरिश पोथ्यांमध्ये बुडालेला होता.

त्या कोशात ब्रिगित नावाच्या देवीची नोंद आहे. ही दाग्दा या देवाची मुलगी, कवी तिची उपासना करत. तिच्या दोन बहिणी, त्यांचंही नाव ब्रिगितच. एक वैद्यकीची देवी, दुसरी लोहारकामाची. नावाचा अर्थ सांगताना कोशकार म्हणतो : 'ब्रेओ' म्हणजे ज्वाला, 'साइगित' म्हणजे बाण, म्हणून ब्रिगित म्हणजे अग्निबाण.

ही व्युत्पत्ती वाचताना आपल्या यास्काची आठवण येते. निरुक्तात अग्नीचा अर्थ 'अग्रणी' असा उलगडतात, त्याच जातीचं हे काम. देवतेचा स्वभाव मनात धरायचा आणि नावाच्या अक्षरांमधून तो पिळून काढायचा. भक्ताच्या दृष्टीने याला मोल आहे. पण शब्दाचा इतिहास त्यातून हाती लागत नाही. 'साइगित' हा आयरिश शब्द लॅटिनमधल्या 'सागित्ता' या शब्दावरून घेतलेला, म्हणजे उसना. रोमन जगाशी संबंध येण्याच्या कितीतरी आधीपासून पुजल्या जाणाऱ्या देवीच्या नावात तो असू शकत नाही.

मग खरा अर्थ काय? इथे संस्कृत मदतीला येतं. ब्रिगित हे नाव 'ब्रिगांती' अशा जुन्या रूपापासून आलं. उत्तर इंग्लंडमध्ये ब्रिगांतेस नावाची मोठी जमात होती आणि रोमन काळातल्या तिथल्या वेद्यांवर ब्रिगांतिया देवीचं नाव कोरलेलं सापडतं. हे 'ब्रिगांती' आणि आपलं 'बृहती' एकच शब्द आहे. उंच, उन्नत, थोर स्त्री. 'बृहन्महाराष्ट्र' आणि 'बृहन्मुंबई' म्हणताना आपण ज्या 'बृहत्'चा उच्चार करतो, त्याचंच हे स्त्रीलिंगी रूप. ऋग्वेदात उषेलाही बृहती म्हटलं आहे. आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म आला, किल्डेअरच्या संत ब्रिजिड यांच्या रूपाने हे नाव टिकून राहिलं, १ फेब्रुवारीला त्यांचा सण येतो, आणि २०२३पासून त्यासाठी देशभर सार्वजनिक सुट्टी मिळते.

आता कोणी विचारेल, कोशकाराचा अग्निबाण जर कल्पना, तर ही बृहतीही कल्पनाच कशावरून नाही? दोन्हीकडे शब्दांचं साम्यच तर दाखवलं आहे! हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे रोज फिरणाऱ्या संदेशांमध्ये 'ड्रुइड म्हणजे द्रविड', 'डॅन्यूब म्हणजे दनू' अशी वाक्यं असतात आणि माणसं ती अभिमानाने पुढे पाठवतात. त्यांना थांबवून हसण्यात अर्थ नाही. खरं साम्य ओळखायचं कसं, ते सांगायला हवं.

खरं साम्य एकट्या शब्दावर उभं राहत नाही. दोन भाषांमधल्या ध्वनींचं नातं शंभर ठिकाणी तेच दिसलं, तर एकशेएकाव्या ठिकाणी त्यावर भरवसा ठेवता येतो. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'भ' असतो, तिथे आयरिशमध्ये 'ब' : आपला भ्राता, त्यांचा 'ब्राथिर'. बृहतीचाही 'ब' मुळात 'भ'च होता. पुढच्या 'ह'मुळे त्यातला महाप्राण गळला. आणि संस्कृतातल्या काही 'ह'च्या जागी केल्टिकमध्ये, म्हणजे आयरिश ज्या भाषाकुळातली त्यात, 'ग' येतो. हिम आणि हेमंत या शब्दांचा केल्टिक भाऊबंद 'गियाम' असा आहे. फ्रान्समध्ये कोलिनी इथे १८९७ साली सापडलेल्या काशाच्या पंचांगात हिवाळ्याशी जोडलेल्या महिन्याचं नाव 'गियामोनिओस' आहे. बृहतीचा 'ह' आणि ब्रिगांतीचा 'ग' याच नियमाने एकमेकांसमोर येतात. अर्थ जुळतो, प्रत्यय जुळतो, प्रत्येक अक्षराचा हिशेब लागतो.

केल्टिक भाषांची सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्यांनी मूळचा 'प' टाकून दिला. संस्कृत पितृ, लॅटिन 'पातेर', आणि आयरिश? 'अथिर'. दुसरी खूण अशी की संस्कृतात जिथे अनेकदा 'र' दिसतो, तिथे केल्टिकने मूळचा 'ल' राखला. आपलं 'पूर्ण' आयरिशमध्ये 'लान' होतं, त्याचं कारण हेच. या दोन खुणा मनात ठेवा आणि फ्रान्समधल्या दिजों शहराजवळच्या मालें गावच्या शिलालेखाकडे या. तिथे मार्स किकोल्लुइस या देवाच्या जोडीला एका देवीचं नाव आहे : लितावी. 'प' काढून टाका, 'ऋ'च्या जागी 'लि' ठेवा, पुढे 'त' आणि 'वी'. ही पृथ्वी आहे. पृथिवी, विस्तीर्ण पसरलेली ती. तेच नाव वेल्श भाषेत 'ल्लिदाउ' झालं आणि ते फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताला मिळालं.

पृथ्वी आणि लितावी. कानाला यांच्यात काहीच सारखं लागत नाही. तरी युरोप आणि भारत यांच्यातल्या देवीनामांच्या जेवढ्या जुळण्या मला ठाऊक आहेत, त्यात इतकी निर्दोष दुसरी क्वचितच असेल. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचं मर्म याच जोडीत आहे.

एपोनाचं उदाहरण तितकंच नेमकं. ही घोड्यांची देवी. रोमन घोडदळाने तिला इतकं आपलंसं केलं की इटलीतल्या गुइदिद्झोलो इथे सापडलेल्या पंचांगात १८ डिसेंबर हा तिचा दिवस म्हणून नोंदवला आहे. गॉलच्या, म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या, भाषेत घोडा म्हणजे 'एपोस', लॅटिनमध्ये 'एक्वुस', जुन्या आयरिशमध्ये 'एख', आपल्याकडे अश्व. चारही एकाच शब्दाची लेकरं. शेवटचं 'ओना' हे देवत्व दाखवणारं शेपूट. मार्न नदीचं जुनं नाव मात्रोना, म्हणजे मातृ या शब्दालाच तेच शेपूट. पॅरिसजवळ सेनला मिळणारी ही नदी नावाप्रमाणे देवी-माता आहे. गॉलमध्ये आणि ऱ्हाइनकाठी मातृदेवतांची शिल्पं बहुधा तिघींची असतात, आपल्याकडे सप्तमातृका. संख्या वेगळी, पण 'आई' एवढंच नाव पुरेसं मानून तिला पुजण्याची वृत्ती तीच.

आता गडगडाट करणारा तारानिस. नीरोच्या काळातला रोमन कवी ल्यूकन याने गॉलच्या तीन देवांची नावं एकत्र दिली आहेत : तेउतातेस, एसुस आणि तारानिस. वेल्श भाषेत आजही मेघगर्जनेला 'तारान' म्हणतात. आपल्याकडे मेघांचा गडगडाट म्हणजे स्तनित. कालिदास वाचलेल्यांना तो शब्द परका नाही. धातू एकच, पण 'तारान'मध्ये 'न' शेवटी आणि 'स्तन'मध्ये लगेच 'त'नंतर, हे कसं? उत्तर इंग्लंडमधल्या चेस्टर इथे इसवी सन १५४मधली एक वेदी मिळाली. तीवर ज्युपिटरला 'तानारुस' म्हटलं आहे. म्हणजे मूळ 'तानार', आणि पुढे अक्षरांची अदलाबदल होऊन 'तारान'. 'चाकू'चा 'काचू' करणारी मुलं प्रत्येक घरात असतात. भाषासुद्धा कधीकधी तेच करते. त्या चेस्टरचं रोमन काळातलं नाव देवा. डी नदीवरून पडलेलं, अर्थ देवी. गर्जना करणाऱ्या देवाची वेदी देवीच्या गावात सापडावी, हा योगायोग मला फार आवडतो.

तेउतातेसचा अर्थ कळला की मराठी माणसाला त्याची लगेच ओळख पटते. 'तेउता' म्हणजे जमात, लोक. आयरिशमध्ये त्याचं 'तुआथ' झालं, आणि जर्मन लोक स्वतःच्या भाषेला 'डॉइच' म्हणतात तोही याच कुळातला शब्द. तेउतातेस म्हणजे आपल्या लोकांचा देव. हे विशेषनाम नसावंच, प्रत्येक जमातीच्या आपापल्या देवाचं ते पद असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. आयरिश वीरकथांमधली पात्रं शपथ घेतात ती 'माझे लोक ज्याची शपथ घेतात त्या देवाची', नाव न घेता. ग्रामदैवत हा शब्द ज्या भाषेत रोजचा आहे, तिथे याहून अधिक स्पष्टीकरण लागू नये.

रोमनांनी मात्र हा वेगळेपणा पुसला. सीझरने लिहून ठेवलं की गॉलचे लोक सगळ्यात जास्त मर्क्युरीला भजतात, त्यानंतर अपोलो, मार्स, ज्युपिटर आणि मिनर्व्हा. एकही स्थानिक नाव त्याने दिलं नाही. ती नावं वाचली ती दगडांमुळे. १७११मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली एका स्तंभाचे तुकडे निघाले. सेन नदीवरच्या नावाड्यांच्या संघाने तो सम्राट तिबेरियसच्या काळात उभारला होता. त्यावर रोमन देवांच्या शेजारी एसुस आहे, शिंगं असलेला केर्नुन्नोस आहे, आणि झाडाजवळ उभा एक बैल, त्याच्यावर तीन पक्षी, वरच्या काठावर अक्षरं : तार्वोस त्रिगारानुस. तीन क्रौंचांचा बैल. 'त्रि' आपलाच. केर्नुन्नोसच्या नावात बहुतेक 'शिंग' आहे, लॅटिन 'कोर्नू' आणि संस्कृत शृंग ज्या मुळाचे त्याच मुळाचं. पण त्या नावाचं पहिलं अक्षर दगडावर झिजलेलं आहे, म्हणून 'बहुतेक' हा शब्द मी मुद्दाम ठेवला.

आता कानाला पटणाऱ्या पण फसव्या जोड्यांकडे वळू. आयर्लंडची बॉइन नदी ही बोआन्न नावाची देवी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने या नदीचं नाव 'बुविंदा' असं नोंदवलं. बुविंदा आणि गोविंदा! दहीहंडीच्या दिवशी हे वाचणाऱ्याचा तर आनंदाने श्वास अडकेल. यातला पहिला अर्धा भाग पूर्ण खरा आहे. आपल्या 'गो'च्या जागी केल्टिकमध्ये 'बो' येतो, जसा आपल्या जीवाच्या जागी आयरिशमध्ये 'बेओ' येतो. गाय तीच. पण 'विंदो' म्हणजे केल्टिकमध्ये पांढरा. आयरिश 'फिन्न' आणि वेल्श 'ग्विन' त्याचेच वंशज, आणि व्हिएन्नाचं जुनं नाव विंदोबोना यातही तोच. संस्कृतातला 'विंद' म्हणजे मिळवणारा. ती 'शुभ्र गाय', हा 'गायी मिळवणारा'. फार मागे जाऊन 'दिसणे, सापडणे' अशा एकाच धातूतून दोन्ही 'विंद' निघाले असतील, असं काहींना वाटतं, आणि ते अशक्य नाही. तरी ही दोन नावं आपापल्या घरी, आपापल्या कारणाने बनली. गाय सामाईक, नाव नाही.

दनूचं प्रकरण याहून नाजूक. आयरिश देवांच्या कुळाला 'तुआथा दे दानान्न' म्हणतात, त्यावरून दानू नावाची आद्य देवमाता कल्पिली गेली आणि तिला ऋग्वेदातल्या दानूशी जोडलं गेलं. पण आयरिश पोथ्यांमध्ये हे नाव षष्ठीच्या रूपातच भेटतं, 'दानू' हे कर्त्याचं रूप विद्वानांनी नंतर तयार केलं. जुन्या मजकुरांत नुसतं 'तुआथ दे' एवढंच येतं, देवांचे लोक. कोर्मकच्या कोशातली देवमाता तर अनू आहे. शिवाय ऋग्वेदातली दानू वृत्राची आई. इंद्राने मारल्यावर ती वासराजवळच्या गायीसारखी मुलापाशी पडून राहते. तिकडे देवांची आई, इकडे देवांच्या शत्रूची. डॅन्यूब नदीचं मात्र वेगळं. पारशांच्या अवेस्तात 'दानु' म्हणजे नदी आहे, कॉकेशसमधल्या ऑसेटियन भाषेत 'दोन' म्हणजे पाणी. त्या पंक्तीत डॅन्यूब सहज बसते. म्हणजे फिरणाऱ्या संदेशात नदीबद्दल जे म्हटलेलं असतं त्यात तथ्य आहे. आयरिश देवीबद्दलचा भाग मात्र डळमळीत आहे.

आणि ड्रुइड, म्हणजे केल्ट लोकांचा पुरोहित? तो द्रविड नाही. पण त्याचं खरं नातं आपल्याला अधिक सुखावणारं आहे : पहिला भाग 'द्रु', म्हणजे झाड, देवदारातला दारु, दुसरा 'विद्', ज्यातून वेद निघाला. ओक वृक्षाचं ज्ञान असलेला, किंवा झाडासारखं दृढ ज्ञान असलेला.

नियम कधीकधी लाडकी कल्पनाही मोडतो. लुग हा आयरिश वीरदेव. गॉलमध्ये लुगुस, त्याच्या नावाचा किल्ला लुग्दूनुम म्हणजे आजचं लियों. त्याला प्रकाशाचा देव म्हणायची जुनी पद्धत आहे, कारण लॅटिन 'लुक्स'. पण त्या धातूतल्या 'क'चा केल्टिकमध्ये 'ग' होत नाही. आज अनेक अभ्यासक 'शपथ' या अर्थाच्या धातूकडे झुकतात. स्पेनमध्ये ओस्मा इथे चांभारांच्या संघासाठी 'लुगोवेस'ना अर्पण केलेला लेख आहे, आणि वेल्श कथेत त्याच देवाचा वारस ल्यू चपला शिवणाऱ्याचा वेश घेतो. मला विचाराल तर या देवाच्या शोधात सूर्यकिरणांपेक्षा ही सुई-आरी अधिक भरवशाची आहे.

नावांकडून कथांकडे गेलं की जमीन आणखी निसरडी होते. बोआन्नचीच कथा घ्या. तिचा नवरा नेख्तान याच्या गुप्त विहिरीपाशी तो स्वतः आणि त्याचे तीन पेला-वाहक सोडून कोणी जायचं नाही. बोआन्न गेली, विहिरीला उलटी प्रदक्षिणा घातली. पाणी तीनदा उसळलं, तिचा पाय, डोळा आणि हात गेला, आणि समुद्रापर्यंत तिचा पाठलाग करणाऱ्या त्या पाण्याची बॉइन नदी झाली. फ्रेंच विद्वान जॉर्ज द्युमेझिल यांनी नेख्तानची सांगड वेदातल्या अपां नपात् याच्याशी घातली. पाण्याचा हा नपात् पाण्यात इंधनाशिवाय तळपतो. अवेस्तात तोच तेजोवलय जपतो, आणि ते हिसकावायला परका राजा तीनदा समुद्रात उडी मारतो तेव्हा तीनदा पाणी फुटून बाहेर वाहतं. 'नप्तृ'मधला 'प्त' आयरिशमध्ये 'ख्त' होतो, हाही नियमच. सप्त आणि आयरिश 'शेख्त' पाहा. नपात्-नप्तृ या घराण्याचा मराठी वारस म्हणजे आपला नातू. रोमनांचा नेपच्यून याच कुळात घ्यावा की नाही यावर मतभेद आहेत. तरी नाव, पाणी, तेज, तीन उसळ्या हे सगळं एकत्र येतं, म्हणून हा दावा मी गंभीरपणे घेतो.

आयरिश देवांचा राजा नुआदा याच्या बाबतीत नावाचा आधार मिळत नाही. युद्धात त्याचा हात तुटला, वैद्य दियान केख्तने त्याला चांदीचा हात बसवला. ऋग्वेदात अश्विनीकुमार विश्पलेला धातूचा पाय देतात. व्यंग आलेला राजा राज्य करू शकत नाही म्हणून नुआदाला पायउतार व्हावं लागलं. आपल्याकडे त्वचारोगामुळे देवापीला आणि आंधळेपणामुळे धृतराष्ट्राला डावललं. राजाच्या शरीरात राज्याचं आरोग्य पाहणारे समाज अनेक होते, त्यामुळे अशी कथा स्वतंत्रपणेही उगवू शकते. इंग्लंडमधल्या लिडनी इथे याच देवाचं, तेव्हाच्या नावाने नोदेन्सचं, मंदिर उत्खननात निघालं. १९३२च्या त्या अहवालात नावाची व्युत्पत्ती लिहिली होती जे. आर. आर. टोल्किन यांनी, त्यांच्या मते अर्थ 'पकडणारा'. उत्खनन करणारे मॉर्टिमर व्हीलर पुढे १९४४मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले.

चित्रांवरून जुळवणं तर सगळ्यात धोक्याचं. डेन्मार्कमधल्या दलदलीत १८९१ साली सापडलेल्या गुंडेस्ट्रुपच्या चांदीच्या हंड्यावर मांडी घालून बसलेला, शिंगं असलेला पुरुष आहे, भोवती प्राणी. मोहेंजोदडोची तशाच बैठकीतली मुद्रा शेजारी ठेवली की डोळे दिपतात. दोघांमध्ये दोन हजार वर्षांच्या आसपासचं अंतर आहे आणि त्या मुद्रेवरची लिपी अजून वाचता आलेली नाही. नावच नाही, तर तपासायचं काय?

काशीत राहणाऱ्या फ्रान्सिस विल्फर्ड यांनी हा धोका पुरेपूर भोगला. पुराणांतलं श्वेतद्वीप म्हणजे ब्रिटन, हे सिद्ध करायला त्यांनी वर्षानुवर्षं हस्तलिखितं जमवली. शेवटी कळलं की मदतनीस पंडिताने त्यांना हवे तेच मजकूर पोथ्यांमध्ये घुसडले होते. १८०५मध्ये विल्फर्ड यांनी हे स्वतः छापून कबूल केलं. त्या कबुलीबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

गॉलच्या कितीतरी देवांची नावं एकाच दगडावर एकदाच कोरलेली आहेत. त्यांची कथा कोणी लिहिली नाही, उच्चार कोणी ऐकला नाही. आपल्याकडे सातेरी, रवळनाथ, वेतोबा, म्हसोबा आणि गावोगावच्या असंख्य देवांची नावं आजही तोंडी जिवंत आहेत, आणि त्यातली अनेक लिहिली गेलेली नाहीत. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तिथल्या देवाचं नाव म्हातारी माणसं ज्या उच्चाराने घेतात, तसंच लिहून घ्या. सुधारून, संस्कृत करून लिहू नका. सोबत त्या देवाची गोष्ट आणि तारीख नोंदवून ठेवा.